कामगारांच्या बाजूचा वकील : बारा वर्षांच्या अनुभवानंतरचे परीक्षण

आमच्या युनियनने २०१४ साली ज्या वकिलांच्या नावे पहिले वकीलपत्र दिले, त्यांच्याकडेच आजही आमची सर्व प्रकरणे आहेत. या बारा वर्षांत त्यांनी एकतीस तात्पुरत्या कामगारांची अनुचित कामगार प्रथेची तक्रार, तीन बडतर्फीची प्रकरणे, कंत्राटी कामगारांचा एक वाद आणि थकलेल्या देण्यांच्या वसुलीचे काही अर्ज आमच्यासाठी चालवले. युनियनचा सरचिटणीस म्हणून जवळजवळ प्रत्येक तारखेला मी हजर होतो, त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते ऐकीव नाही. त्यांचे नाव मात्र मी लिहिणार नाही. वकिलांनी स्वतःची जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, आणि माझ्या लेखनातून आडमार्गाने तसे काही घडावे हे त्यांनाही रुचणार नाही. शिवाय माझा हेतू वेगळा आहे. कामगाराच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वकिलाची सेवा चांगली आहे की नाही हे कशावरून ओळखायचे, हे आम्हाला कोणी वेळीच सांगितले असते तर आमची दोन वर्षे वाचली असती. ती माहिती दुसऱ्या एखाद्या युनियनच्या उपयोगी पडावी, एवढ्यासाठी हे परीक्षण आहे.

त्यांच्याकडे जाण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका वकिलांकडे होतो. त्यांनी पहिल्याच भेटीत सगळ्यांना कायम करून देण्याचे आश्वासन दिले, आमचे म्हणणे तासभर ऐकून घेतले, कंपनीच्या वागण्याबद्दल आमच्यापेक्षा अधिक संताप व्यक्त केला आणि आम्ही समाधानाने घरी आलो. पुढे त्या आश्वासनातून काहीच निष्पन्न झाले नाही. सध्याच्या वकीलसाहेबांची पहिली भेट याच्या नेमकी उलट होती, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्ही नाराज होऊन बाहेर पडलो होतो. आम्ही अन्यायाची हकीकत सांगू लागलो, तेव्हा त्यांनी पाचव्या मिनिटाला थांबवले आणि विचारले, “नेमणुकीची पत्रे आहेत का? गेटपास? पगाराच्या चिठ्ठ्या? ईएसआयची कार्डे?” आमच्यापैकी एकाने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलेल्या चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या. त्यांनी त्या महिन्यांप्रमाणे लावल्या, पेन्सिल घेतली आणि एका कामगाराचे दिवस मोजायला सुरुवात केली. मोजणी चालू असताना कोणीही बोलायचे नाही, असे त्यांनी सांगितले. चाळीस मिनिटांनी त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर २२६ हा आकडा होता. मी म्हणालो, “म्हणजे चौदा दिवस कमी पडले.” ते म्हणाले, “रविवार आणि भरपगारी सुट्ट्या अजून धरलेल्या नाहीत. त्या धरायच्या असतात.”

ज्यांचा कामगार कायद्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी हा आकडा इतका महत्त्वाचा का, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ प्रमाणे ज्या कामगाराने मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम केले आहे, त्याला एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचे सरासरी वेतन दिल्याशिवाय कामावरून कमी करता येत नसे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे सेवाशर्तींच्या नमुना नियमांत, तर तात्पुरत्या आणि बदली (दुसऱ्याच्या जागी घेतलेल्या) कामगाराला २४० दिवसांच्या सेवेनंतर कायम करण्याची तरतूद आहे. म्हणूनच अनेक ठिकाणी सात महिने झाले की कामगाराला ‘ब्रेक’ दिला जातो आणि काही दिवसांनी नव्या नावाच्या पत्रावर त्याच यंत्रावर परत उभे केले जाते. हे दिवस मोजताना रविवार आणि भरपगारी सुट्ट्या धराव्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात सांगितले आहे. परंतु २४० दिवस भरले हे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर आहे, हेही त्याच न्यायालयाने २००२ साली हदिमनी यांच्या प्रकरणात सांगितले. मस्टर, म्हणजे हजेरीपट, कंपनीच्या कपाटात आणि सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्या डोक्यावर, अशी ही स्थिती आहे. अशा वेळी जो वकील हकीकतीआधी गेटपास मागतो, तो आपले काम जाणतो असे समजावे. हे आज मला सहज लिहिता येते. त्या दिवशी मात्र आम्हाला ते कोरडेपणाचे लक्षण वाटले होते.

एकतीस जणांची तक्रार त्यांनी महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली, म्हणजे कामगार संघटनांना मान्यता देणाऱ्या आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणाऱ्या अधिनियमाखाली, औद्योगिक न्यायालयात दाखल केली. आपण बोलताना तिला नुसते ‘यूएलपी’ (अनफेअर लेबर प्रॅक्टिस) म्हणतो. या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील सहाव्या बाबीप्रमाणे, कामगारांना कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा ठरते. यातला ‘हेतू’ हा शब्द आम्ही वाचलाच नव्हता. नुसते अनेक वर्षे काम केल्याचे दाखवून भागणार नाही, मालकाचा हेतूही न्यायालयापुढे आणावा लागेल, आणि हेतू कोणी कागदावर लिहून ठेवत नाही, तो नोंदींमधून उभा करावा लागतो, हे त्यांनी आम्हाला समजावले. तक्रारीबरोबरच त्यांनी अंतरिम अर्ज केला आणि खटला संपेपर्यंत कोणालाही कामावरून कमी करू नये असा आदेश मिळवला. माझ्या मते त्यांच्या संपूर्ण सेवेतले सर्वांत मोलाचे काम हेच होते. निकाल लागायला पुढे पाच वर्षे लागली. त्या पाच वर्षांत एकतीस घरांत पगार येत राहिला, म्हणूनच एकतीसही जण शेवटपर्यंत खटल्यात टिकले.

त्यांची उलटतपासणी पाहण्यासारखी असते असे मी म्हणणार नाही, कारण पाहणाऱ्याला तिच्यात फारसे काही दिसत नाही. आवाज चढत नाही, साक्षीदाराला खोटारडे ठरवले जात नाही. कंपनीच्या कार्मिक अधिकाऱ्याची उलटतपासणी त्यांनी दोन तारखांत संपवली. एका यंत्राचे लॉगबुक त्यांनी न्यायालयामार्फत मागवून घेतले होते. त्यात दुसऱ्या पाळीच्या चालकाच्या रकान्यात तीन नावे आळीपाळीने येत होती. एकाचा ब्रेक संपला की दुसऱ्याचा सुरू होई, आणि रकाना मात्र एकही दिवस रिकामा नव्हता. त्यांनी अधिकाऱ्याला फक्त सहीची ओळख पटवायला लावली, मग उत्पादन वर्षभर चालते का एवढे विचारले. चालते, असे उत्तर आले. त्यानंतर आम्हाला वाटले की आता ते साक्षीदाराला कोंडीत पकडतील. पण ते खाली बसले. बाहेर आल्यावर मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “पुढचा प्रश्न विचारला असता तर त्याला खुलासा करायची संधी मिळाली असती.” युक्तिवादाच्या वेळी त्यांनी लॉगबुकची ती पाने एकामागून एक वाचून दाखवली. कंपनीने उमादेवी प्रकरणातील २००६ च्या निकालावर भर दिला होता. तो निकाल सरकारी नोकरीतील नियमबाह्य नेमणुकांविषयीचा आहे, आणि १९७१ च्या कायद्याने औद्योगिक न्यायालयाला दिलेले अधिकार त्याने काढून घेतलेले नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये राज्य परिवहन महामंडळ आणि कास्ट्राइब संघटना यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, असे त्यांचे उत्तर होते. २०१९ मध्ये तक्रार मंजूर झाली. उच्च न्यायालयातील कंपनीची याचिका २०२२ मध्ये फेटाळली गेली.

या सेवेचा एक भाग असा आहे की तिथे वकील स्वतः उपस्थितच राहू शकत नाही. १९४७ च्या कायद्याने समेटाच्या कार्यवाहीत, म्हणजे सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर होणाऱ्या तडजोडीच्या बैठकांत, वकिलांना मज्जाव केला होता, आणि कामगार न्यायालयातही समोरच्या पक्षाची संमती व न्यायालयाची परवानगी असल्याशिवाय वकिलाला उभे राहता येत नसे. कामगाराची बाजू युनियनच्या पदाधिकाऱ्याने मांडावी, पैशाच्या बळावर मोठा वकील आणून मालकाने तराजू झुकवू नये, हा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात कंपनीकडे कायद्याची पदवी घेतलेला पगारी अधिकारी असतो, आणि असा माणूस खरोखरीचा अधिकारी असेल तर त्याला ही अट आड येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली पारादीप बंदराच्या प्रकरणात मान्य केले. म्हणजे समेट अधिकाऱ्यासमोर एका बाजूला कायदा शिकलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला मी, बारावी पास फिटर. वकीलसाहेबांनी त्यासाठी मला जे तयार केले त्याबद्दल मी जन्मभर त्यांचा ऋणी राहीन. मागणीपत्रातील प्रत्येक मागणीपुढे कोणता कागद जोडायचा, समेट अधिकारी तोंडी तडजोड सुचवतील तेव्हा ती लेखी मागायची, कार्यवृत्तावर वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि रागाच्या भरात संपाचा शब्द उच्चारायचा नाही, हे त्यांनी माझ्याकडून सरावासारखे करून घेतले. पहिल्या बैठकीत माझा हात थरथरत होता. चौथ्या बैठकीत मी कंपनीच्या अधिकाऱ्याला त्याच्याच पत्रातील तारीख वाचून दाखवली. आज आमचे तीन पदाधिकारी समेटाची बैठक स्वतःच्या बळावर लढवू शकतात. ज्या वकिलाला अशील आपल्यावर अवलंबून राहिलेले हवे असते, तो हे शिकवत नाही.

त्यांच्या कामातील जो प्रसंग आमच्या सभासदांना सर्वांत अधिक खटकला, तोच मला आज सर्वांत मोठा वाटतो. २०१६ मध्ये लोडिंग विभागातील कंत्राटी कामगार आमच्याकडे आले. कंत्राटदार बदलत होते, माणसे तीच होती. एकतीस जणांचा अंतरिम आदेश ताजा होता, आणि यांचीही तशीच यूएलपी दाखल करा असा सगळ्यांचा आग्रह होता. त्यांनी सरळ नकार दिला. कंत्राटी कामगार आणि मूळ मालक यांच्यातले मालक-कामगार नाते वादात असेल, तर १९७१ च्या कायद्याखालील तक्रार चालत नाही, ते नाते आधी १९४७ च्या कायद्याखाली ठरवून घ्यावे लागते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ मधील सिप्ला आणि महाराष्ट्र जनरल कामगार युनियन यांच्या प्रकरणातील निकाल त्यांनी आमच्यापुढे ठेवला. त्याच वर्षी स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने असेही ठरवले होते की कंत्राटी पद्धतीला बंदी घातली म्हणून कंत्राटी कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. कंत्राट निव्वळ दिखाऊ आहे हे त्यांना औद्योगिक न्यायासनासमोर सिद्ध करावे लागते. “तक्रार दाखल करून मी फी घेऊ शकतो,” ते म्हणाले, “पण तीन वर्षांनी ती याच मुद्द्यावर फेटाळली जाईल आणि तोपर्यंत ही माणसे पांगलेली असतील.” आमच्या आधीच्या वकिलांनी दोन वर्षे घालवली होती ती नेमकी अशाच चुकीच्या दारात. म्हणून मी सभेत त्यांची बाजू घेतली. लांबचा मार्ग धरावा लागला, दोन कंत्राटी कामगार नाराज होऊन निघून गेले, आणि तो वाद अजून संपलेला नाही. तरीही ज्या वकिलाला नाही म्हणता येते त्याचाच होकार भरवशाचा असतो, या मतावर मी ठाम आहे.

आता त्या प्रकरणाविषयी लिहितो, ज्यात माझे त्यांच्याशी मतभेद आहेत. आमच्या पॅकिंग विभागातील एक सहकारी रात्रपाळीत पहाटे झोपलेला सापडला. एकवीस वर्षांची नोकरी होती आणि आधीची शिक्षा एकच, तीही ताकिदीची. निलंबन झाले, आरोपपत्र आले, खात्यांतर्गत चौकशी झाली आणि बडतर्फीचे पत्र हातात पडले. तो मनाने इतका खचला होता की सात महिने त्याने युनियनलाही काही कळवले नाही. १९७१ च्या कायद्याखालील तक्रार नव्वद दिवसांत करायची असते; ती मुदत केव्हाच उलटली होती. वकीलसाहेबांनी विलंबमाफीच्या वादात न अडकता १९४७ च्या कायद्याचे कलम २-ए वापरले. या कलमामुळे एकट्या कामगाराची बडतर्फीही औद्योगिक विवाद ठरत असे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून ४५ दिवस झाले की सरकारच्या संदर्भादेशाची, म्हणजे विवाद न्यायालयाकडे सोपवण्याच्या आदेशाची, वाट न पाहता थेट कामगार न्यायालयात जाता येत असे. १९७१ साली आलेल्या कलम ११-ए मुळे चौकशी योग्य ठरली तरी शिक्षा जास्त आहे असे वाटल्यास न्यायालय ती कमी करू शकत असे. यंत्र चालू असताना रात्रपाळीत झोपलेल्या कामगारांची बडतर्फी गुन्ह्याच्या मानाने फारच जड आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कलर-केमच्या प्रकरणात म्हटले होते. ते प्रकरण १९७१ च्या कायद्याखालचे असले तरी शिक्षेच्या प्रमाणाबद्दलचे त्यातील विवेचन त्यांनी येथे उपयोगात आणले.

मागील वेतनाविषयी, म्हणजे बडतर्फीच्या काळात बुडालेल्या पगाराविषयी, त्यांनी जी काळजी घेतली ती प्रत्येक बडतर्फ कामगाराने समजून घ्यावी. दीपाली सुरवसे यांच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे बडतर्फी चुकीची ठरली तर पूर्ण मागील वेतन हा सर्वसाधारण नियम आहे. पण त्यासाठी आपण मधल्या काळात पगारी कामावर नव्हतो, किंवा होतो तर कमी वेतनावर होतो, हे कामगाराने आधी शपथेवर सांगावे लागते. आमचा सहकारी त्या काळात एका गोदामात रखवालीचे काम करत होता आणि ते लपवायचे असे त्याच्या मनात होते. वकीलसाहेबांनी दरवाजा लावून घेतला, मला बाहेर बसवले आणि पाऊण तास त्याच्याशी बोलले. बाहेर आला तेव्हा त्याने ते काम आणि त्याचा पगार शपथपत्रात लिहायला होकार दिलेला होता. उलटतपासणीत कंपनीने तोच मुद्दा काढला, तेव्हा तो आधीच नोंदवलेला असल्याने त्यातून काही साधले नाही.

मात्र खटल्याच्या चौथ्या वर्षी कंपनीने एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव ठेवला. सहकाऱ्याच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली होती आणि त्याची तब्येत ढासळू लागली होती. वकीलसाहेबांनी दोन्ही बाजूंचा हिशेब एका कागदावर मांडला, निकालाला किती काळ लागू शकेल, त्यानंतर उच्च न्यायालयात काय होऊ शकेल हे सांगितले, आणि म्हणाले, “निर्णय तुमचा.” त्याने प्रस्ताव नाकारला, त्याला गेटमधून एकदा तरी आत जायचे होते. पुढच्या वर्षी तो वारला. कामगाराच्या मृत्यूमुळे कामगार न्यायालयातील कार्यवाही संपत नाही, असे १९४७ च्या कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलेले होते, त्यामुळे वहिनींचे नाव वारस म्हणून दाखल झाले आणि खटला पुढे चालला. निकालात बडतर्फी रद्द झाली, मृत्यूच्या दिवसापर्यंतचे निम्मे मागील वेतन आणि अखंड सेवा धरून उपदान (ग्रॅच्युइटी) मिळाले. कायद्याच्या दृष्टीने हा विजय आहे. परंतु त्या दिवशी, टेबलावर तो कागद असताना, वकीलसाहेबांनी आपले स्वतःचे मत ठामपणे सांगायला हवे होते असे मला आजही वाटते. अशिलाच्या निर्णयाचा मान राखणे योग्यच आहे, पण आजारी माणसाला नुसते दोन आकडे दाखवणे पुरेसे नसते. चाळीस वर्षांच्या अनुभवाचा उपयोग अशाच वेळी व्हायचा असतो. मी हे त्यांना बोलून दाखवले आहे. त्यांनी वाद घातला नाही आणि मान्यही केले नाही.

सेवेतील इतर उणिवाही नोंदवतो. ते दिवसा फोन घेत नाहीत. संध्याकाळी साडेसहानंतर कार्यालयात प्रत्यक्ष जाऊनच बोलावे लागते, आणि पाळीत काम करणाऱ्या माणसाला ते नेहमी जमत नाही. पुढची तारीख काय पडली हे कळवण्याची नीट व्यवस्था पहिली सहा वर्षे नव्हती. तारखांची वही आम्हीच ठेवू लागलो. दाव्याचे मसुदे इंग्रजीत तयार होतात. ज्याच्या नोकरीचा प्रश्न आहे त्याला आपल्या तक्रारीत काय लिहिले आहे हे वाचता येऊ नये, हे मला पटत नाही. आम्ही आग्रह धरल्यावर त्यांच्या कनिष्ठ वकील ताई प्रत्येक मसुदा सहीपूर्वी मराठीत समजावून सांगू लागल्या, पण त्यासाठी आम्हाला आग्रह धरावा लागला, हे खरे.

फीबद्दल तक्रार नाही. प्रकरण दाखल होताना एक रक्कम ठरते, ती युनियनच्या खात्यातून हप्त्यांनी दिली जाते आणि प्रत्येक हप्त्याची पावती मिळते. मिळणाऱ्या मागील वेतनात टक्केवारी मागणारे लोक कामगारांना भेटत असतात. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांत बसत नाही, हे त्यांनीच आम्हाला पहिल्या वर्षी सांगितले. त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट फारच थोड्या कामगारांना ठाऊक असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत कायदेशीर मदतीस पात्र असलेल्यांच्या यादीत औद्योगिक कामगाराचा स्वतंत्र उल्लेख आहे. युनियन नसलेल्या एका कामगाराला त्यांनी स्वतःची फी न सांगता त्या कार्यालयाचा रस्ता दाखवला, हे मी समोर बसून पाहिले आहे.

ते कंपन्यांची वकीलपत्रे घेत नाहीत. कामगार न्यायालयांत दोन्ही बाजूंची कामे करणारे उत्तम वकील मी पाहिले आहेत, आणि त्यात गैर काही आहे असे मी मानत नाही. मालकांची कामे करणाऱ्याला त्यांच्या चाली आतून माहीत असतात. तरीही एकाच बाजूने चार दशके उभे राहिल्याने एक वेगळी गोष्ट घडते, ती त्यांच्या कार्यालयात बसल्यावर कळते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतरच्या काळात ते कनिष्ठ वकील म्हणून उमेदवारी करत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार ज्यात उतरले तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही, आणि पुढची कित्येक वर्षे त्या माणसांची देणी, उपदान आणि भविष्य निर्वाह निधी यांचे कागद त्यांच्या वरिष्ठांच्या टेबलावर येत राहिले. कागद जपायला सांगण्याची त्यांची सवय तिथली आहे. त्या काळी कायम कामगारांची प्रकरणे येत, आता येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या ओळखपत्रावर कंत्राटदाराचे नाव असते, असे ते सांगतात. आमच्याकडचे तरुण कामगार युनियनचे सभासद व्हायला घाबरत होते, तेव्हा त्यांनी सभेत मद्रासची हकीकत सांगितली. बी. पी. वाडिया यांनी १९१८ मध्ये मद्रास लेबर युनियन उभी केली आणि बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या व्यवस्थापनाने नेत्यांवर दावा लावून उच्च न्यायालयाकडून मनाईहुकूम मिळवला. कामगारांना संघटित करणे म्हणजे करारभंगाला चिथावणी देणे, असे धरले जाण्याचा तो काळ होता. त्यानंतर १९२६ चा कामगार संघटना अधिनियम आला आणि नोंदणीकृत संघटनेला अशा दाव्यांपासून संरक्षण मिळाले. “सभासदत्वाची ती पावती तुमच्या आधी कोणीतरी सोसून मिळवली आहे,” एवढेच ते शेवटी म्हणाले. त्या महिन्यात एकोणीस नवे सभासद झाले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. मी वर ज्या १९४७ च्या आणि १९२६ च्या कायद्यांविषयी लिहिले, ते दोन्ही आता औद्योगिक संबंध संहितेत आहेत. सत्तरीकडे झुकलेला माणूस आता नव्याने कायदा शिकणार का, अशी शंका आमच्या समितीत व्यक्त झाली होती. त्यांनी तीन रविवार आमच्या कार्यालयात येऊन समितीला संहिता समजावून सांगितली, त्यातला संपाच्या नोटिशीचा भाग त्यांनी दोनदा घेतला. आता कोणत्याही उद्योगात संपाआधी नोटीस द्यावी लागते आणि ती दिल्यापासून चौदा दिवसांच्या आत संप करता येत नाही. पूर्वी ही सक्तीची नोटीस सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरती होती. वाटाघाटी करणारी एकमेव संघटना म्हणून मान्यता मिळण्यासाठी हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार सभासद असावे लागतात. आमच्याकडे किती आहेत हे त्यांनी विचारले, मी अंदाजाने आकडा सांगितला, आणि त्यांनी वर्गणीची पावतीपुस्तके मागवून घेतली.

ज्यांना झटपट तडजोड करून मोकळे व्हायचे आहे, किंवा ज्यांना आपल्या वतीने न्यायालयात कोणी गरजावे असे वाटते, त्यांचे या प्रकारच्या वकिलाकडे समाधान होणार नाही. ज्यांना आपले प्रकरण कुठे कमकुवत आहे हे पहिल्याच दिवशी ऐकण्याची तयारी आहे, त्यांनी असाच वकील शोधावा. जाताना नेमणुकीचे पत्र, ब्रेकची पत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआय व भविष्य निर्वाह निधीचे क्रमांक आणि बडतर्फीचे पत्र मिळाल्याची तारीख असलेले पाकीट बरोबर न्यावे. पाकीट फेकून देऊ नये, कारण मुदत मोजताना त्यावरचा पोस्टाचा शिक्का उपयोगी पडतो. आमच्या समितीने गेल्या महिन्यात ठराव करून पुढील तीन वर्षांसाठी त्यांनाच कायम ठेवले आहे, आणि नव्या वकीलपत्रांवर त्यांच्याबरोबर त्या कनिष्ठ वकील ताईंचेही नाव घातले आहे. कंत्राटी कामगारांच्या प्रकरणात कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाची उलटतपासणी आता ताई घेणार आहेत, आणि तिच्यासाठी लागणारी हजेरीची पाने मी त्यांच्याकडे पोहोचती केली आहेत.